बारा गावांचा वर्गणीदार

"वहिनी, जेवण झालां काय?"

दत्तारामने फोनवर शेवटी एवढंच विचारलं होतं, आणि कालपासून पद्मजाच्या जिवाला घोर लागला होता. प्रश्न साधा होता. जिन्यात भेटलेलं कुणीही विचारतं. पण त्या फोनवर तिला तो आजवर कुणी विचारला नव्हता. त्या फोनवर माणसं घोडे मागायची, तलवारी मागायची, उधारी मागायची. ती जेवली की उपाशी आहे, याच्याशी कुणाला काय करायचं होतं? मग दत्तारामला कालच ते विचारावंसं का वाटलं?

सकाळपासून ती तांदूळ निवडायला बसली होती. बोटाखाली आलेला खडा आपण उचलतो आणि परत तांदळातच सोडतो आहोत, हे लक्षात आलं तेव्हा तिने ताट बाजूला सारलं. त्याने काय विचारलं त्यापेक्षा त्याआधी आपण काय बोललो, ते तिला पुन्हा पुन्हा आठवत होतं.

हे सगळं सुरू झालं नंदकुमारच्या कॉम्प्युटरपासून. पद्मजाच्या भावाने दोन वर्षांपूर्वी, म्हणजे पंच्याऐंशी साली, तो दुबईहून भाच्यासाठी आणला होता. शाळेतल्या पाटीएवढा, टीव्हीला जोडायचा. खेळ त्याच्यात भरायचा तो टेपरेकॉर्डर लावून, साध्या गाण्याच्या असतात तसल्या कॅसेटवरून. भरताना असा किंचाळायचा की शरच्चंद्र, म्हणजे पद्मजाचे यजमान, पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "कुणाचा तरी पाय पडलाय बघा मांजराच्या शेपटीवर."

नंदकुमार बी.एस्सी. होऊन घाटकोपरला कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवत होता. विकतच्या खेळांत उड्या मारायच्या आणि गोळ्या झाडायच्या, त्याला त्याचा महिनाभरात कंटाळा आला. मग त्याने स्वतःचा खेळ रचला. त्यात बारा गावं होती, मध्ये जंगल, एक किल्ला, नदी, वाटेवर विहिरी. खेळणाऱ्याने आपल्याला हवा तो माणूस व्हायचं. कुणी शिकारी, कुणी वैद्य, कुणी व्यापारी, कुणी सरळ दरोडेखोर. संध्याकाळी सात ते नऊमध्ये मुलुंडला नंदकुमारच्या घरी फोन करायचा आणि आपल्या माणसाने आज काय करायचं ते सांगायचं. ती झाली एक चाल. रात्री नंदकुमार सगळ्या चाली कॉम्प्युटरला सांगायचा, आणि कोण जगला, कोण लुटला गेला, कुणाला वाघ भेटला ते दुसऱ्या दिवशीच्या फोनवर कळायचं. महिन्याला पंधरा रुपये वर्गणी, त्यात आठ चाली. वर हवी असेल तर चालीला दोन रुपये. आधी क्लासवरची मुलंच खेळायची. मग त्यांचे भाऊ, भावांचे मित्र असं करत अंधेरी, बोरिवली, पार्ल्यापर्यंत माणसं झाली.

नंदकुमार क्लासवरून यायचा साडेआठला. त्यामुळे सातपासूनचे फोन घ्यायचं काम पद्मजाच्या गळ्यात पडलं. "बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतंस, ते शेवटी कामाला आलं," शरच्चंद्र म्हणाले होते. पहिले काही दिवस तिला लाज वाटायची. कुणी अनोळखी तरुण फोनवर म्हणायचा, "काकू, मी पाटलाचा वाडा फोडतो," आणि ती लिहून घ्यायची. पुढे तिला त्यात गोडी वाटू लागली.

आणि थोड्याच दिवसांत तिच्या ध्यानात आलं की नंदकुमारला पैसे मागता येत नाहीत. लोक दोन-दोन महिने फुकट खेळत होते. एका कॉलेजातल्या मुलाचे आजोबा दिवाळीला वारले होते, ते होळीला परत वारले. बोरिवलीचा एक डॉक्टर म्हणायचा, "पेशंट टेबलावर आहे हो, वर्गणीचं नंतर बोलू, पण माझा घोडा नदीपार करा." कुणाची मनीऑर्डर हरवायची, कुणाचा पगार लांबायचा. सगळे रडगाणं गायचे आणि रडगाणं संपलं की चाल सांगायचे.

पद्मजा बिल्डिंगमधल्या बायकांची भिशी चालवत होती. भिशीचा तिला दांडगा अनुभव. एकीला सवलत दिली की दुसरी मागते, तिसरी न विचारता घेते आणि चौथ्या महिन्याला भिशी बुडते. तिने नंदकुमारला बसवून सांगितलं, "पाच तारखेपर्यंत वर्गणी आली नाही तर त्या माणसाला झोपव. खेळातच झोपव. असेल तिथे झोपेल, हलणार नाही. तीन महिने झोपला तर मेला."

"मेला काय, आई?"

"मग काय, जन्मभर फुकट झोपणार? मेलेला उठवायचा नाही. मागून कितीही पैसे दिले तरी नाही. तेव्हा कुठे भरतील."

नंदकुमारला नियम आवडला नाही, पण चालला झकास. त्या महिन्यापासून मनीऑर्डरी वेळेवर येऊ लागल्या. रडगाणी ऐकून घ्यायची, पाघळायचं नाही, आणि "वर्गणी आली की बघू" असं म्हणून फोन ठेवायचा, हे पद्मजाला इतकं अंगवळणी पडलं की तिला त्याचा थोडासा अभिमानही वाटू लागला.

दत्ताराम या खेळात आला तो चुकून.

मढला समुद्राच्या बाजूला एक जुना बंगला होता. मालक गावात राहायचे आणि बंगला सिनेमावाल्यांना शूटिंगसाठी भाड्याने द्यायचे. दत्ताराम तिथला रखवालदार. श्यामकांत नावाचा एक पोरगा शूटिंगच्या कामावर तिथे यायचा, तो या खेळाचा वर्गणीदार होता आणि संध्याकाळी बंगल्यावरच्या फोनवरून चाल सांगायचा. दत्ताराम दाराशी उभा राहून ऐकायचा. शूटिंग संपलं, श्यामकांतला मद्रासला काम लागलं. जाताना तो म्हणाला, "दत्ताराम, महिन्याचे पैसे भरलेत माझे. तूच खेळ आता."

पहिल्या फोनला पद्मजाला त्याचं बोलणं नीट कळेना. मालवणी आणि मुंबईचं मिसळलेलं, आणि भीत भीत.

"माका काय ता लढूक-बिढूक जमायचां नाय, वहिनी."

"नका लढू. काय करायचं ते सांगा."

बराच विचार करून तो म्हणाला, "विहिरीजवळ बसतंय."

"आणि?"

"आनि काय? बसतंय."

दुसऱ्या दिवशीही तो विहिरीजवळ बसला. तिसऱ्या दिवशी त्याने तिथे एक खोपटं बांधायला घेतलं. मग दोन कोंबड्या पाळल्या. मग श्यामकांतच्या माणसाजवळ होती ती तलवार विकून कंदील घेतला आणि रात्रीचा विहिरीवर टांगून ठेवला. दारात आलेल्याला पाणी द्यायचं, एवढाच त्याचा खेळ. शरच्चंद्रांना हे कळल्यावर ते पोट धरधरून हसले. "महिना पंधरा रुपये देऊन बसून राहतो? मी घरात फुकट बसतो तर तुम्हाला बघवत नाही." पण दत्तारामची वर्गणी कधी पाच तारीख ओलांडायची नाही. आणि त्या कंदिलामुळे रात्रीच्या जंगलात चुकलेल्यांना विहीर सापडू लागली. बोरिवलीची जयंती म्हणून एक मुलगी वैद्यीण होऊन खेळायची, ती त्या उजेडाच्या आधाराने दोनदा वाचली. ती पद्मजाला म्हणाली होती, "काकू, तो विहिरीवरचा कोण आहे हो? त्याला माझा नमस्कार सांगा." पद्मजाने निरोप दिला तेव्हा दत्तारामने तो तिला पुन्हा एकदा सांगायला लावला होता.

सप्टेंबरात, गणपती झाल्यावर, तो एकदा घरी आला. मढहून तरीतून खाडी ओलांडून वर्सोवा, तिथून बसेस बदलत मुलुंड. हातात कागदात बांधलेले सोडे. पन्नाशीला टेकलेला, उंच, किंचित वाकलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. पद्मजाने चहा केला. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि विचारलं तेवढ्याचीच उत्तरं देत राहिला. सोळाव्या वर्षी काकाचं बोट धरून मालवणाकडून लालबागला आला. अठ्ठावीस वर्षं गिरणीत, सूत खात्यात. ब्याऐंशीला संप झाला, गिरणी गेली. संपाच्या दुसऱ्या पावसाळ्यात बायको गावी तापाने गेली, सुगंधा तिचं नाव. तार त्याला मिळाली तोवर तेराव्याची तयारी चालली होती. मूलबाळ नाही. गावचं घर भावाने ठेवून घेतलं. मग कुणाच्या ओळखीने मढचा बंगला मिळाला.

"करमतं का तिथे?" पद्मजाने विचारलं.

"गंमत असता तशी," तो म्हणाला. "आमच्याकडे रोज कोन तरी मरता. गोळी काय, सुरो काय. मरतत, मगे उठान चाय पितत. चायवालो मीच." मग हसून म्हणाला, "तुमच्यात उठत नाय ना मेलेलो?"

"नाही बाबा. आमचा नियम कडक."

"बंगल्यावर पन विहीर आसा. शूटिंगवाली पोरां वाकान बघतत, म्हनान मी वर फळी टाकून ठेवलंय. वजनदार आसा. म्हनान तुमच्या खेळात पैली विहीर बघितलंय नि बसलंय."

जाण्याआधी नंदकुमारने त्याला पडद्यावर बारा गावं दाखवली. जंगल म्हणजे हिरवे ठिपके, विहीर म्हणजे एक चौकोन, आणि चौकोनाला टेकून इंग्रजी डी.

"ह्यो मी?" दत्ताराम पुढे वाकला. "एवढोच?"

"मेमरी कमी आहे हो याला," नंदकुमार ओशाळून म्हणाला.

"नाय, बरो आसा." तो डीकडे बघत राहिला. "कंदील खंय?"

नंदकुमारने डीच्या डोक्यावरचा पिवळा ठिपका दाखवला. दत्तारामने बोट लावून बघितला. काचेवर त्याच्या बोटाचा ठसा उमटला, तो पद्मजाने दुसऱ्या दिवशी पुसला होता. निघताना त्याने बंगल्याचा फोन नंबर सांगितला, विचारला नसताना. "घंटी वाजली तर मीच उचलनार. दुसरो आसा कोन?" पद्मजाने तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आणि विसरून गेली. वर्गणीदारांना आपण फोन करायचा नाही, त्यांनी आपल्याला करायचा, हाही तिचाच नियम होता. एवढ्या माणसांना फोन करत बसलं तर बिलातच खेळ बुडायचा. नंबर लावल्यापासून नंदकुमारचं अख्खं शिक्षण संपलं तेव्हा कुठे घरात फोन आलेला, आणि शेजारीपाजारी येऊन फुकट फिरवतात म्हणून शरच्चंद्रांनी डायलला छोटं कुलूप लावलं होतं. आलेला फोन घेता यायचा, करायचा तर किल्ली त्यांच्याकडे मागायची.

दसऱ्यानंतर टेपरेकॉर्डर बिघडला, टीव्हीची ट्यूब बदलावी लागली. पद्मजाच्याच सांगण्यावरून नंदकुमारने वर्गणी पंधराची पंचवीस केली. कुरकुर झाली, काही माणसं गळाली. नोव्हेंबरची पाच तारीख गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा दत्तारामची मनीऑर्डर आली नाही. नंदकुमारने नियमाप्रमाणे त्याचा माणूस झोपवला.

आणि काल त्याचा फोन आला.

"वहिनी, दत्ताराम बोलतंय."

"बोला. पण दत्ताराम, वर्गणी आलेली नाही तुमची. तुमचा माणूस झोपलाय."

"म्हायत आसा. चाल नको माका. एक काम होतां. माझो कंदील त्या वैद्यीन बाईक देऊन टाका. खोपटां पन तिकाच."

"देणं म्हणजे चालच झाली की."

"मी खेळत नाय, वहिनी. देऊन टाकतंय."

"दिलं काय, घेतलं काय, चाल ती चालच. वर्गणी आल्याशिवाय मला काही करता येत नाही."

पलीकडे समुद्राचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "बंगलो विकलो. महिनाअखेर खाली करूचो आसा. नवे मालक पाडतले म्हनतत. शूटिंग बंद झाली. विहिरीवरची फळी पन काढून ठेवलंय आज. आता कोन येवचो नाय बघूक."

पद्मजाने हे ऐकलं होतं. शब्दन् शब्द ऐकला होता. पण गेल्या वर्षभरात तिने मेलेले आजोबा ऐकले होते, टेबलावरचे पेशंट ऐकले होते, हरवलेले पगार ऐकले होते. तिच्या मनाने हे सगळं आपोआप त्याच रकान्यात टाकलं. बरा होता हा, आता हाही शिकला, असं तिला वाटून गेलं.

"ज्याच्या त्याच्या घरी काही ना काही असतंच, दत्ताराम," ती म्हणाली. "मनीऑर्डर करा, मग बघू."

"बरां." मग थोडं थांबून, "तीन महिन्यांनी मरता ना तो?"

"हो. नियम आहे."

"नि मगे उठत नाय."

"नाही."

"बरां, बरां. वहिनी, जेवण झालां काय?"

"व्हायचंय," ती म्हणाली आणि दुसऱ्या कुणाचा फोन खोळंबला असेल म्हणून तिनेच आधी ठेवला.

दुपारी तिने शरच्चंद्रांना हे सांगितलं. ते निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि दुपारी आरामखुर्चीत शब्दकोडं सोडवत.

"अगं, माणसाने जेवलीस का विचारलं तर बायका खूश होतात. तू एकटीच घाबरणारी."

"थट्टा नका करू."

"बरं, नाही करत. पण काय झालंय नक्की? रखवालदाराची नोकरी गेली. वाईट झालं. दुसरी मिळेल. पैसे नाहीत म्हणून खेळ सोडतोय बिचारा."

"खेळ सोडायला फोन कशाला करायचा? बाकीचे सोडून गेले, त्यांनी केला? नुसते यायचे बंद झाले."

शरच्चंद्रांनी पेन्सिल कानावर ठेवली. "साधा माणूस आहे. निरोप घेतला त्याने."

निरोप. तो शब्द ऐकल्याबरोबर पद्मजा उठली. ती स्वयंपाकघरात गेली आणि काही कारण नसताना नळ सोडून उभी राहिली. फळी काढून ठेवली. वजनदार फळी, जी पोरांनी वाकून बघू नये म्हणून त्याने स्वतः टाकली होती. विकलेल्या बंगल्याच्या विहिरीवरची फळी कुणी कशाला काढेल? आणि काढली तरी फोनवर सांगेल कशाला? तिने स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला. फळी चांगल्या लाकडाची असेल, विकायला काढली असेल. सामान आवरत असेल. असंच असेल. पण हे मनाशी म्हणताना तिचे हात नळाखाली गार पडत चालले होते.

शनिवार असल्यामुळे नंदकुमार लवकर आला. त्याला चपला काढू न देताच ती म्हणाली, "ती कॅसेट लाव. मला दत्तारामचा माणूस बघायचाय."

"आत्ता? चहा तरी दे, आई."

"लाव म्हणते ना."

तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने कॅसेट आत सरकवली. टेपरेकॉर्डर किंचाळायला लागला. शरच्चंद्रांनी मांजराचं काही म्हटलं नाही. बारा गावं हळूहळू पडद्यावर उमटली. हिरवे ठिपके, नदी, चौकोन. चौकोनाशेजारी डी.

"कंदील कुठाय?" पद्मजाने विचारलं.

नंदकुमार वाकून बघायला लागला. डीच्या डोक्यावर पिवळा ठिपका नव्हता.

"अरे हो," तो म्हणाला, "त्याने विझवला ना. ऑक्टोबरच्या शेवटी. तू तेव्हा लग्नाला गेली होतीस दादरला, फोन मीच घेतला होता."

"आणखी काय सांगितलं होतं त्याने त्या महिन्यात?"

"विशेष काही नाही गं. तो करतोच काय? कोंबड्या शेजारच्या गावात देऊन टाकल्या. मग एक अख्खी चाल घर झाडण्यात घालवली. मी म्हटलंसुद्धा, दत्ताराम, झाडण्यात चाल वाया जाते, नाही झाडलं तरी चालतं. तर म्हणाला, मागून येणाऱ्याला स्वच्छ मिळू दे. मग कंदील विझवला. त्यात महिन्याच्या आठ चाली संपल्या."

"आणि तुला काही वाटलं नाही?"

"काय वाटायचं? खेळ आहे तो, आई."

पद्मजा वेताच्या मोड्यावर बसली. तिने त्याला कालचा फोन सांगितला, पहिल्यापासून, आपलं बोलणंही न गाळता. नंदकुमार ऐकता ऐकता पांढरा पडत गेला.

"तो म्हणाला, मी खेळत नाही, देऊन टाकतोय," ती म्हणाली. "इतकं स्पष्ट म्हणाला रे. आणि मी त्याला म्हटलं, चाल ती चालच."

"पण हे खेळातलं... खरं काय कशावरून? तुझ्या मनाचे खेळ असतील."

"असू देत."

"मी जाऊन येऊ का?"

"मुलुंडहून मढ. पोचेपर्यंत अंधार होईल. तोपर्यंत..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

"मग सातची वाट बघू. करेलही फोन."

"आज कशाला करेल? माझ्याकडे काय मागायचं राहिलंय त्याचं?"

पडद्यावर डी तसाच होता, झोपलेला. पद्मजाच्या मनात एकामागून एक नको ते येऊ लागलं. फोन केला आणि वाजतच राहिला तर? वाजत राहणं म्हणजे तो बाजारात गेलाय की आणखी कुठे, हे इथे मुलुंडमध्ये बसून कसं कळायचं? आणि दुसऱ्याच कुणी उचलला तर? कुणी परक्या आवाजात विचारलं, आपण कोण, तुमचा त्यांचा काय संबंध, तर काय सांगायचं? वर्गणीदार होते आमचे? दहा रुपये वाढवले, ते त्यांना झेपले नाहीत? तिला वाटलं, पोलीस विचारतील, शेवटचा फोन कुणाला केला होता. नंदकुमारचं नाव येईल. त्याला क्लासवर आत्ता कुठे पर्मनंट करणार होते. असं मनात येताच तिला स्वतःचीच शिसारी आली. तिथे एक माणूस उघड्या विहिरीशेजारी एकटा असेल, आणि आपण इथे नावाचा विचार करतोय. पण भीती काही त्यामुळे कमी झाली नाही.

आणि सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती. त्याने उचलला, तर आपण बोलायचं काय? खेळाच्या फोनवर तिला चाल लिहून घेता यायची, वर्गणी मागता यायची, नाही म्हणता यायचं. त्याच्या पलीकडचं एक वाक्य तिला आजवर कुणाशी बोलावं लागलं नव्हतं. सुगंधाची तार त्याला उशिरा मिळाली, हे त्याने याच घरात बसून सांगितलं होतं. तेव्हा ती काय म्हणाली होती? "अरेरे" म्हणाली होती आणि चहा पुढे केला होता.

"नंदू," ती उठत म्हणाली, "उठव त्याला."

"अं?"

"खेळातला. आत्ता, माझ्यासमोर. आणि कंदील लाव."

"वर्गणी?"

"मला विचारू नकोस ते."

नंदकुमारने बटणं दाबली. त्याची बोटं दोनदा चुकली. मग चौकोनाशेजारी, डीच्या डोक्यावर, पिवळा ठिपका आला. पद्मजाला ठाऊक होतं की मढला यातलं काही दिसणार नाही. तरी तिला तो लागलेला हवा होता. सांगताना खोटं नको पडायला.

ती बाहेरच्या खोलीत गेली. फोनच्या डायलला कुलूप होतं. शरच्चंद्र आरामखुर्चीत नव्हते. ते खुंटीवरच्या शर्टाचे खिसे चाचपत होते.

"मला किल्ली हवी आहे," ती म्हणाली.

"तेच शोधतोय." किल्ली सापडली. ती तिच्या हातात न देता त्यांनीच खाली वाकून कुलूप काढलं, चष्मा कपाळावर सरकवून, कारण भोक बारीक होतं. "मी इथेच उभा राहतो," ते म्हणाले. "लागला तर मीपण बोलेन. आपल्या गॅलरीत दोन दिवस काय, दोन महिने राहील माणूस. जागा आहे."

पद्मजाने त्यांच्याकडे पाहिलं. मग कॅलेंडरची पानं उलटली. सप्टेंबरच्या खालच्या कोपऱ्यात, दूधवाल्याच्या खाड्यांच्या खाली, तिच्याच घाईच्या अक्षरात नंबर होता. पुढे नुसतं "विहीर" लिहिलेलं. त्याचं नावसुद्धा लिहायला त्या दिवशी तिला सवड झाली नव्हती.

काय बोलायचं ते तिला अजून सुचलं नव्हतं. पहिलं वाक्य मात्र ठरलं होतं, तेही त्याचंच होतं. दत्ताराम, मी मुलुंडहून पद्मजावहिनी. जेवलात का? आणि तो जे काही म्हणेल, व्हायचंय म्हणेल, नाही म्हणेल, काहीच म्हणणार नाही, तरी यावेळी आधी फोन ठेवायचा नाही.

तिने रिसीव्हर उचलला, कानाला घट्ट लावला, आणि पहिल्या आकड्याच्या भोकात बोट घातलं.